जुनी सहा सिलिंडरची सुपर्ब कोल्हापुरात सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे २०१० ची स्कोडा सुपर्ब व्ही६ आहे, आणि मी तिला हॅचबॅक म्हणतो. पुण्यातल्या पहिल्या मालकाकडून सहा वर्षांपूर्वी घेतली. तेव्हापासून पंपावर, रंकाळ्याच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या मांडवाबाहेर आणि टोलनाक्यावरसुद्धा लोक थांबवून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. कुणाचा नाद मोडायचा नाहीये. नादापायी कर्ज मात्र होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

सुपर्ब तर सेडान आहे. तुम्ही तिला हॅचबॅक का म्हणता?

दुसऱ्या पिढीच्या सुपर्बची डिकी दोन प्रकारे उघडते. एक बटण दाबलं की सेडानसारखी नुसती डिकी उघडते. दुसरं दाबलं की मागच्या काचेसकट सगळं झाकण वर जातं. कंपनीने त्याला ‘ट्विनडोअर’ असं नाव दिलं होतं. मागची सीट पाडून पूर्ण झाकण उघडलं की आत कपाट झोपवता येतं. मी गुऱ्हाळातून गुळाच्या ढेपा आणल्यात, भाचीची सायकल चाकं न काढता नेलीय. त्यामुळे माझ्या दृष्टीने ही पाच दारांचीच गाडी.

युरोपात खऱ्या अर्थाने छोट्या आणि सहा सिलिंडरच्या हॅचबॅक होऊन गेल्या. फोक्सवॅगनची गोल्फ व्हीआर६ आणि नंतरची आर३२, अल्फा रोमिओची १४७ जीटीए, बीएमडब्ल्यूची १३०आय. यातली एकही आपल्याकडच्या शोरूममध्ये आली नाही. आर३२ चं इंजिन आणि माझ्या गाडीचं इंजिन मात्र एकाच घराण्यातलं, व्हीआर६. ज्याला तो आवाज हवा आहे आणि एमएच ०९ च्या रस्त्यावर हवा आहे, त्याच्यासाठी ही सुपर्ब हाच सरळ मार्ग आहे.

व्हीआर६ म्हणजे नेमकं काय?

साध्या व्ही६ मध्ये सिलिंडरच्या दोन रांगा एकमेकींपासून ६० किंवा ९० अंशांत फाकलेल्या असतात आणि प्रत्येक रांगेला वेगळं हेड, म्हणजे वरचं झाकण, लागतं. इनलाइन सिक्समध्ये सहाच्या सहा सिलिंडर एका ओळीत असतात, त्यामुळे इंजिन लांबलचक होतं आणि छोट्या गाडीत आडवं बसत नाही. फोक्सवॅगनने मधली वाट काढली. रांगा दोनच, पण इतक्या जवळ की वर एकच हेड पुरतं. ‘व्ही’ म्हणजे तो आकार आणि ‘आर’ म्हणजे जर्मनमधला रांगेसाठीचा शब्द. १९९१ मध्ये हे इंजिन पहिल्यांदा गाडीत आलं तेव्हा कोन १५ अंशांचा होता. माझ्या ३.६ लिटरमध्ये तो १०.६ अंश आहे.

क्षमता ३५९७ सीसी, ताकद २६० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), टॉर्क ३५० न्यूटन मीटर. टर्बो नाही. म्हणून ताकद एकदम धक्का देत नाही, आरपीएमच्या काट्याबरोबर चढत जाते. दोन हजारला इंजिन गप्प असतं. साडेतीन हजारला घसा साफ केल्यासारखा खर्ज सुरू होतो, आणि पाच हजारच्या पुढे जो आवाज येतो त्यासाठीच ही गाडी ठेवायची. एकाच हेडखाली दोन रांगा असल्यामुळे आतल्या वाटांची लांबी सारखी राहत नाही, असं त्या आवाजाचं कारण सांगतात. मला ते पटतं. आजच्या चार सिलिंडर टर्बो गाड्या हिच्याइतक्याच पळतात, काही हिच्या पुढेही जातात. हा आवाज मात्र त्यांच्याकडे नाही.

ॲव्हरेज किती?

गावात साडेपाच ते सहा. हायवेला शंभरच्या आत ठेवली तर नऊ ते दहा. टाकी ६० लिटरची.

पेट्रोल कुठलं घालता? ई२० चं काय?

टाकीच्या झाकणाच्या आत ऑक्टेनचा आकडा लिहिलेला असतो. तोच प्रमाण माना. २०१० ची गाडी २० टक्के इथेनॉल धरून बनवलेली नाही, आणि आज साध्या नळीतून येतं ते ई२०. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. मला जास्त काळजी दोन गोष्टींची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

ज्या जिल्ह्याचा ऊस इथेनॉल होतो, त्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं माझ्या जिवावर येतं. आमच्या घरातही उसाचं बिल येतं. म्हणून मी गाडीच्या बाजूने उपाय केला. रबरी फ्युएल होज आणि त्यांची सील नवीन टाकली, फ्युएल फिल्टर वेळेआधी बदलतो, आणि टाकीत तेच पेट्रोल दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहू देत नाही. मिळेल तेव्हा जास्त ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल घालतो. कागल ओलांडून कर्नाटकात स्वस्त भरण्याची आपल्याकडची सवय चांगलीच आहे, फक्त खप जास्त असलेला पंप निवडा.

विकत घेताना काय बघायचं?

याचं उत्तर लांब आहे, कारण पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

गाडी बघायला जाताना मालकाला एक गोष्ट बजावून सांगा: मी येईपर्यंत स्टार्ट मारू नका. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड आली आणि ती लांबली, तर टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी साखळी) ताणली गेल्याची शंका घ्या. या इंजिनात चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणजे चेनपर्यंत हात पोहोचवायचा तर गिअरबॉक्स तरी उतरवा नाहीतर इंजिन. चेन, टेन्शनर आणि गाइड यांची किंमत एकीकडे आणि मजुरी दुसरीकडे, आणि मजुरी कमी नसते. म्हणून नुसत्या कानावर विसंबू नका. स्कॅनर लावून कॅमशाफ्टचे अ‍ॅडॅप्टेशनचे आकडे (चेन किती ताणली गेलीय याचा अंदाज त्यावरून येतो) वाचून घ्या. पी००१६ किंवा पी००१७ असा, चेनचा मेळ बिघडल्याचा, कोड पूर्वी येऊन गेला आहे का, तेही बघा. गाडी दाखवायच्या आदल्या रात्री कोड पुसून टाकणारे लोक असतात. म्हणून तीस-चाळीस किलोमीटर चालवा आणि स्कॅनर पुन्हा लावा.

मग गिअरबॉक्स. सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक बॉक्स, क्लच तेलात बुडालेले. कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्या डीएसजीची बदनामी ऐकून लोक यालाही घाबरतात, पण हा वेगळा बॉक्स आहे आणि बराच दणकट आहे. त्याची अट एकच: दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदललेलं पाहिजे. बिल दाखवा म्हणावं. “बदललंय, बिल नाही” याचा अर्थ बदललेलं नाही असाच धरा. चढावर रिव्हर्समध्ये हळू मागे घेऊन बघा. थरथरली तर भाव पाडा किंवा सोडून द्या.

चारही चाकांना ताकद देणारी हॅल्डेक्स यंत्रणा मागच्या बाजूला बसलेली असते, तिचंही स्वतःचं तेल असतं. बहुतेक मालकांना हे माहीतच नसतं, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत ते पहिल्या दिवसापासून तसंच असतं. तेल बदललं नाही तर पंप जातो आणि गाडी गुपचूप पुढच्या चाकांवर चालत राहते. कोरड्या रस्त्यावर कळतही नाही. ओल्या मातीवर सावकाश पण ठामपणे ॲक्सिलरेटर देऊन पाहा. पुढची चाकं नुसती फिरत राहिली तर समजा.

टायर चारही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. फोर व्हील ड्राइव्हमध्ये दोन नवे दोन जुने चालत नाहीत. कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर घाटात भरवशाचं नाही.

महापुरातली गाडी कशी ओळखायची?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. त्या दोन पावसाळ्यांत बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या, आणि जिल्ह्याबाहेरही गेल्या.

वास लपवता येतो, गंज लपत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. स्टेपनीखालची खोबण हाताने चाचपा, गाळ तिथेच राहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, कारण बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर पाण्याची रेघ दिसते. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलून फोमला हात लावा. विम्याचा जुना क्लेम असेल तर मागून घ्या.

आणि तुमची स्वतःची गाडी पाण्यात अडकली तर चावीला हात लावू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढा, गाडी ओढून न्या, प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्या, सगळी तेलं बदला, मगच पुढचं.

कोल्हापुरात दुरुस्ती होते का?

अर्धी होते, आणि ती अर्धी फार चांगली होते. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर ज्यांनी हयात घालवली, त्या माणसांच्या हातात जे आहे ते विकत मिळत नाही. फाउंड्री आणि ऑइल इंजिनांचं हे गाव. बुश बनवणं, तुटलेला स्टड काढणं, ॲल्युमिनियमचं वेल्डिंग, घासलेली डिस्क बघून खरं निदान सांगणं यासाठी मी कधी गावाबाहेर गेलो नाही. माझ्या गाडीच्या खालच्या बाजूचा एक ब्रॅकेट उद्यमनगरात बनलाय आणि चार वर्षं झाली, हललेला नाही.

चेन, डीएसजीची मेकाट्रॉनिक्स (गिअर बदलणारी नियंत्रण यंत्रणा) आणि इंजिनचं प्रोग्रामिंग यासाठी मी पुणे-मुंबईची वाट धरतो. हे काम हुशारीने भागत नाही, त्याला लॉकिंग टूल आणि सॉफ्टवेअर लागतं. एकदा घाई करून मी डीएसजीचं तेल एका ठिकाणी बदलून घेतलं. तिथे तेलाचं तापमान न मोजताच पातळी धरली आणि कमी तेलावर गाडी परत दिली. गिअर अडखळू लागल्यावर दुसरीकडे ते उघडकीला आलं. या बॉक्सचं तेल ठरावीक तापमानालाच मोजायचं असतं. तेव्हापासून मी समोर उभा राहून स्कॅनरवर आकडा बघतो.

सुट्या भागांचं म्हणाल तर हे ३.६ लिटर इंजिन तुआरेग, ऑडी क्यू७ आणि पोर्शे कायेनमध्येही बसलं. त्या गाड्यांत ते उभं बसवलेलं असल्यामुळे बाहेरचे पाइप आणि ब्रॅकेट जुळतीलच असं नाही, पण आतले बरेच भाग मिळतात. गाडीच्या नावाने शोधू नका, पार्ट नंबरने शोधा.

गाडी गरम होते का?

उतारवयात कुठलीही होते. थर्मोस्टॅटचं घर आणि कूलंटचे पाइप प्लास्टिकचे असतात. पंधरा वर्षांच्या उष्णतेने ते बिस्किटासारखे होतात. फुटायची वाट न बघता मी सगळे एकदम बदलले आणि वॉटर पंपही त्याच वेळी बदलला. एप्रिलमध्ये कावळा नाक्याच्या सिग्नलला एसी लावून उभं राहताना आता मन शांत असतं.

डॅशबोर्डवरच्या सुईवर भरवसा ठेवू नका. कूलंट साधारण ७५ ते १०५ अंशांत कुठेही असलं तरी ती ९० वरच उभी राहते, तशीच ती बनवलेली आहे. सुई हलेपर्यंत उशीर झालेला असतो. साधं ब्लूटूथ स्कॅनर लावलं की खरा आकडा मोबाइलवर दिसतो.

आणि कूलंटमध्ये नळाचं पाणी ओतू नका. हिरवं-गुलाबी एकत्रही करू नका.

इंजिनची रोजची काळजी काय घेता?

तेल वर्षातून एकदा किंवा ८,००० किलोमीटरला, जे आधी येईल ते. पुस्तकात जास्त अंतर लिहिलं असलं तरी चेनचा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, त्यामुळे स्वस्त आयुर्विमा म्हणून मी हे करतो. सकाळी पहिली दहा-बारा मिनिटं तीन हजारच्या वर नेत नाही. कूलंट लवकर तापतं, तेल मागून तापतं.

माझं इंजिन एफएसआय आहे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि वर्षानुवर्षं काजळी साचते. आयडल डळमळायला लागलं, पिकअप जड वाटलं की मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्ह साफ करून घ्यावे लागतात. टाकीत ओतायच्या बाटल्या तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

इंजिन मिसिंग करायला लागलं आणि चेक लाइट लुकलुकू लागला, तर बाजूला घ्या. बहुतेक वेळा एखादी कॉइल गेलेली असते, ती हजारांत मिळते. पण तसंच चालवलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळवतं, आणि मग बिल लाखाकडे जातं. मी स्टेपनीशेजारी एक कॉइल आणि एक प्लग कायम ठेवतो.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते का?

नाही. दिल्ली परिसरातले नियम ऐकून आपल्याकडे हा गैरसमज पसरला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली. आयात केलेल्या गाडीला ती ४०,००० आहे, म्हणून आरसीवर आयातीचा शेरा आहे का ते सौदा करण्यापूर्वीच वाचा. २० वर्षांनंतर फी आणखी वाढते. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावून घ्या, पीयूसी चालू ठेवा.

पुण्या-मुंबईची गाडी घेतली तर नंबर तोच राहतो, फक्त नाव बदलतं. बेळगावची घेतली तर एनओसी आणि महाराष्ट्राचा कर, दोन्ही आलं. भाव कमी वाटला तरी ही बेरीज आधी करा.

विमा?

१५०० सीसीच्या वरच्या खासगी मोटारीला थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे ७,८९७ रुपये, अधिक कर. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, घेणार असाल तर गाडीची घोषित किंमत किती धरली आहे ते बघा. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा विमा) या वयाच्या गाडीला सहसा मिळत नाही.

सीएनजी किट बसवता येईल? रिमॅप? सायलेन्सर?

सीएनजी नको. ज्याला सीएनजीचा हिशोब करावासा वाटतो, त्याने दुसरी गाडी घ्यावी हे मी मनापासून सांगतो. टर्बो नसल्यामुळे रिमॅपने, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून, जेमतेम फरक पडतो. सायलेन्सर कापू नका. ते बेकायदा आहे, आणि कंपनीने बसवलेल्या सायलेन्सरमधून येणारा आवाजच सुंदर आहे.

एवढी ताकद कोल्हापुरात वापरायची कुठे?

वेग मोजायला गेलात तर कुठेच नाही. चारपदरी रस्त्याला मोटारीची मर्यादा ताशी १०० आहे. हायवेला सहापदरीकरणाच्या कामामुळे आज असलेलं वळण उद्या नसतं. पण ताकद म्हणजे शेवटचा वेग नव्हे. सर्व्हिस रोडवरून हायवेला मिळताना मागून ट्रक येतोय आणि तुम्हाला चार सेकंदांत चाळीसवरून ऐंशीला जायचंय, तेव्हा ३.६ लिटरची किंमत कळते.

माझा आवडता रस्ता गगनबावड्याचा. पहाटे साडेपाचला निघायचं. बालिंग्याचा पूल, कळे, असळज. उजाडेपर्यंत चढण सुरू झालेली असते. काचा खाली, गिअर हाताने, तिसऱ्यात चार हजार. घाटाच्या भिंतीवरून इंजिनचा आवाज परत कानावर येतो. गगनबावड्यात पोहे-चहा, आणि बहुतेक वेळा तिथूनच परत. खाली करूळ घाटात उतरायचं असेल तर रस्ता चालू आहे का ते आधी विचारून घ्या. उतरताना डीएसजी मॅन्युअलवर टाकून दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवा. पावणेदोन टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल मऊ पडतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलण्याचं कारण हेच.

राधानगरी-फोंड्याच्या बाजूला दाजीपूरच्या जंगलातून जाताना वेग विसरा. गवे रस्त्यावर येतात, आणि गव्याला धडकलेली गाडी आणि गवा दोघंही उरत नाहीत. आंबा घाट आणि आंबोलीत पावसाळ्यात धुकं असं उतरतं की बोनेट दिसत नाही. तेव्हा घरी बसावं.

सगळ्यात मोठा धोका मात्र घाटात नसतो. साखर कारखाने सुरू झाले की नोव्हेंबर ते मार्च, रात्री, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. रस्त्यावर सांडलेल्या उसावरून चाक घसरतं. हंगामात मी रात्री आठनंतर ही गाडी जिल्ह्याच्या आतल्या रस्त्यांवर काढत नाही. दुसरी, छोटी गाडी काढतो.

म्हणजे दुसरी गाडी लागतेच?

लागते. ही एकुलती एक गाडी असेल तर बिघाड झाला की तुम्ही घाई करता, आणि घाईत चुकीच्या माणसाकडे जाता. हिची किंमत आज नव्या छोट्या हॅचबॅकएवढी किंवा त्याहून कमी आहे, हाच खरा सापळा. खरेदीला जेवढे घालाल तेवढेच पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवा. मी दर महिन्याला दहा हजार वेगळ्या खात्यात टाकतो. कधी वर्षभर त्याला हात लागत नाही, कधी एका महिन्यात सगळे जातात.

महिनाभर उभी ठेवली तर?

ठेवू नका. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. बॅटरी उतरते, टायर एका जागी बसतात, सील वाळतात. आणि उंदीर. आमच्या घरामागे ऊस आहे, तोड झाली की उंदीर आसरा शोधत बोनेटखाली येतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत बारा दिवस गाडी हलवली नव्हती, तर ऑक्सिजन सेन्सरची वायर कुरतडून ठेवली होती. आता रात्री बोनेट उघडं ठेवतो, खाली दिवा लावतो आणि आठवड्यातून दोनदा गाडी बाहेर काढतो. नुसती जागेवर स्टार्ट करून बंद करू नका. तेल पूर्ण तापेल इतकी, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर तरी चालवा.

एकदा बसून बघता येईल का?

या की. रविवारी सकाळी सहाला, इंजिन थंड असताना या. पहिला स्टार्ट तुम्हीच मारा आणि तीन सेकंद कान देऊन ऐका. निरोगी चेनचा आवाज कसा असतो ते एकदा कानात बसलं की मग दुसरी कुठलीही गाडी बघायला खुशाल जा. त्यानंतर आपण कळ्यापर्यंत जाऊन येऊ. परतताना गाडी तुमच्या हातात.